तिसरीतल्या पोरासाठी वर्गात हवालदार?

डिचोलीकर पालक
परवा शाळेत पालक-शिक्षक संघाची बैठक झाली. विषय एकच, तिसरीतला एक मुलगा. बाक उलथतो, डबे भिरकावतो, गेल्या आठवड्यात एका मुलीच्या मनगटाला कडकडून चावला. एक पालक म्हणाले, आउटपोस्टवरून हवालदार आणून वर्गात उभा करा, सुतासारखा सरळ येईल. अर्ध्या सभेने माना डोलावल्या. ज्या मुलीला तो चावला ती माझी. तरी मी विरोधात बोललो.

पोरगा आठ वर्षांचा. भारतीय न्याय संहितेप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारामध्ये आपण काय करतोय हे कळण्याइतकी समज त्याला होती का, ते बघावं लागतं. मग हवालदार येऊन करणार काय? बागुलबुवाचं सोंग. तो गेला की वर्गात पुन्हा बाईच, आणि बाईंच्या शब्दाला खाकीचा टेकू लागतो हे तोवर सगळ्या पोरांना कळलेलं. शिवाय माझी मुलगी उद्या बोडगेश्वराच्या जत्रेत चुकली तर तिने पोलिसाकडे धावत जावं की त्याला बघून लपावं?

वाळपईचा बापूस
आमच्या वेळी मास्तरांनी नुसतं वर बघितलं तरी पुरे व्हायचं. आता ना छडी, ना धाक. मग पोलीस नको तर कोण, भटजी बोलवायचा?

खाणपट्ट्यातली बाई
पालकांचं म्हणणं ऐकायला गोड आहे. माझी शाळा एकशिक्षकी. पहिली ते चौथी एकाच खोलीत, मुलं 14. त्यातला एक चिडला की फाटकाबाहेर पळतो आणि बाहेर खनिजाच्या ट्रकांचा रस्ता. त्याच्यामागे धावले तर तेरा जण वाऱ्यावर. दंड धरून ओढला आणि वळ उठला तर दुसऱ्या दिवशी आईबाप दारात. 2003 च्या गोवा बालक कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मानसिक छळालाही. बंदी योग्यच, मी त्याविरुद्ध नाही. पण हात बांधल्यावर मदतीला दुसरे हात कुणी दिले? वर फोन केला तर उत्तर आलं, लेखी कळवा. त्या दिवशी रस्त्यावरून पोलिसांची जीप गेली असती तर मी आडवी झाले असते. हवालदार नको म्हणणाऱ्यांनी एक सकाळ माझ्या वर्गात काढावी.

निवृत्त हवालदार
मी असाच एकदा गेलोय. मुख्याध्यापकांनी बोलावलं, ‘जरा दम द्या.’ मी मिशीला पीळ देऊन दोन वाक्यं बोललो. पोराची चड्डी ओली झाली आणि अख्खा वर्ग खदाखदा हसला. पुढे तो शाळेत यायचाच बंद झाला. बाक मोडायचे थांबले म्हणून शाळा खूश! नंतर कुणी बोलावलं तरी मी गेलो नाही.

2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक ठाण्यात मुलांसाठी नेमलेला अधिकारी असतो. मुलाशी बोलायचं ते साध्या कपड्यांत; बेडी नाही, कोठडी नाही. खाकी घालून दम देणं त्यात बसतच नाही. बाहेरचा कोणी हत्यार घेऊन घुसला, कुणी मोठा माणूस मुलाच्या अंगाला हात लावतोय असं कळलं, तर मात्र क्षणभर थांबू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात तर कळवणं बंधनकारकच आहे. पण आमचा अनुभव उलटा. बाक मोडला की शाळेचा फोन येतो, आणि त्या दुसऱ्या गोष्टी ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून दाबल्या जातात.

वाळपईचा बापूस
चड्डीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तोवर बाकीच्या पोरांनी काय चावून घ्यायचं? त्यांचा हक्क कुठल्या कायद्यात?

डिचोलीकर पालक
प्रश्न रास्त आहे. माझी मुलगी अजून मनगट बाहीत लपवते. तिला त्याच्यापासून लांब बसवा, हे मी स्वतः सांगितलंय आणि त्यात मला लाज नाही.

पण काल बालरथावरच्या, म्हणजे शाळेच्या बसवरच्या, बाईंशी बोललो. म्हणाल्या, ‘बसमध्ये? तो तर ड्रायव्हरच्या मागे गप्प बसतो. शाळेची घंटा झाली की तेवढे कान झाकतो.’ हे बैठकीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कान दुखतात, आवाज सोसत नाही की आणखी काही, ते डॉक्टर सांगतील. आईला म्हटलं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखव, मी सोबत येतो. ती रडायलाच लागली. आजवर शाळेतून तिला फक्त तक्रारीच गेल्या होत्या.

खाणपट्ट्यातली बाई
हे बरं केलंत. माझ्या वर्गातल्या पोराचं असं काही असेल तर ते बघायला मला वेळ कधी मिळणार, एवढं सांगा. मला पोलीस नकोच आहे हो. खोलीत दुसरं मोठं माणूस हवंय.

डिचोलीकर पालक
शनिवारी पुन्हा बैठक आहे. दोन आया आळीपाळीने वर्गात बसायला तयार आहेत.

खाणपट्ट्यातली बाई
फुकट? मग गणपतीपर्यंत टिकतील. मानधनाचं आधी बोला.