मदत हवी आहे: दिवंगत सहकाऱ्याचं नाव लेखावर कसं द्यायचं?

मंडळी, आमच्या विषयातल्या एक ज्येष्ठ सहकारी नुकत्याच अचानक गेल्या. शोकसभा झाली, मृत्युलेखही येईल; त्यात बहुधा पदं आणि पुरस्कारच असतील. प्रत्येकाच्या कच्च्या मसुद्यावर पेन्सिलीनं समासात "हे कशावरून?" असं लिहून परत करायच्या, ते कोण लिहिणार?

प्रश्न आमच्या अर्धवट संयुक्त लेखाचा आहे. विश्लेषण आणि पहिले दोन भाग त्यांचेच. आयसीएमजेई ही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती लेखकत्वासाठी ४ अटी घालते. त्यातली एक अंतिम मसुद्याला मान्यता. ती आता कुठून आणायची? काही नियतकालिकं नावाशेजारी कट्यारीची खूण (†) आणि तळटीप देऊन दिवंगत लेखकाचं नाव छापतात, हे पाहिलंय. त्यांना नुसत्या ऋणनिर्देशात ढकलणं मला अजिबात पटत नाही.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. लेख पाठवण्याआधीच संपादकांना कळवावं का? हक्क-हस्तांतरणाच्या फॉर्मवर वारसांची सही मागतात का? शिवाय मी आता मजकूर बदलला, तर त्यांना न पटणारं काहीतरी त्यांच्या नावावर जाईल, ही धास्ती आहेच. त्यांच्या टिपणांची वही मुलाकडे आहे. इतक्यात मागणं बरं दिसेल का, आणि मागायची तर फोन करू की पत्र लिहू?