राजहंसगड ते पारगड पुन्हा चालत जायचंय, कलानंदीगडानंतर अंग साथ देत नाही. मदत हवी आहे

सीमाभाग_भटक्या: बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या राजहंसगडावरून निघून महिपाळगड, गंधर्वगड, कलानंदीगड करत पारगड. सगळं सामान स्वतःच्या पाठीवर, मित्रांची गाडी नाही, कुणी डबा आणून द्यायचा नाही. आधीही निघालोय. दरवेळी कलानंदीगड उतरलो की मळमळ, उलटी, पाय जड. पंधरवड्यात परत निघायचंय. नेमकं काय करू तेवढं सांगा. ‘घरी बस’ सोडून.

मच्छे_रनर: कुठला महिना? पाठीवर वजन किती? काहीच लिहिलं नाहीस की. बूट एक नंबर मोठे घे, माझा सगळा त्रास त्यानेच गेला.

गडवेडा_शहापूर: उलट्या होतात म्हणतोय तो, बूट कुठून आले मध्येच? तसं पारगडाला गाडीनेही जाता येतं, इसापूरकडून. शिवाजी महाराजांनी तानाजींचा मुलगा रायबा याला तिथे किल्लेदार नेमलं होतं, मालुसऱ्यांचे वंशज अजून गडावर राहतात. जाऊन भेटाच.

सीमाभाग_भटक्या: गाडीने जायचं असतं तर धागा कशाला काढला असता? मार्चमध्ये गेलो होतो. पाणी कमी पडत नाही, तहान लागायच्या आधीच पितो. खायला खजूर, बिस्किटं.

नर्सताई: साधं पाणी? हातावरचं घड्याळ घट्ट होतं का? चालताना अंगदुखीची गोळी घेतोस का?

सीमाभाग_भटक्या: हो, साधंच. घड्याळाचा पट्टा दुपारी सैल करावा लागतो, डोकंही दुखतं. उन्हामुळे ना? गोळी सकाळी एक, गुडघ्यासाठी.

नर्सताई: गोळी आधी बंद कर. अशा गोळ्यांनी मूत्रपिंड जादा पाणी नीट बाहेर टाकत नाही. घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी रिचवलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, हात सुजणं हे त्याचंच असू शकतं. तहान लागेल तेवढंच पी, खारट खात राहा. ओआरएस घेतलंस तर लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरात, पण तेही तहानेपुरतंच. बोलणं असंबद्ध झालं किंवा झटका आला तर तडक दवाखाना. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घे.

कडोलीकर: नाचणीचं भाजलेलं पीठ न्या वो. ताक, मीठ, ठेचलेला लसूण. आंबील पोटात राहते, बिस्किटं राहत नाहीत. आमचे आजोबा त्याच्यावर दिवसभर नांगर धरायचे.

मच्छे_रनर: गावात ताक मागितलं तर स्वबळावर कसं राहिलं?

कडोलीकर: पैसे देऊन घेतलं तर का नाही? कुणालाही मिळतं ते. आधी सांगून ठेवलेला माणूस वाटेत उभा राहिला तर ती मदत.

मच्छे_रनर: आणि विहिरीचं पाणी सोडून सगळं पाठीवर न्यायचं, विकत काहीच घ्यायचं नाही, तो निराळा प्रकार. अशा मोहिमेची नोंद करताना दोन्हींतला कुठला ते लिहावं लागतं.

खानापूरकर: पहाटे अंधारात तिलारीच्या बाजूला चालू नका. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती तिकडे उतरले, अजून वावर आहे. गावात विचारूनच पुढे जा. आणि कोणी पुढे भीमगडाचा बेत करत असेल तर वनखात्याची परवानगी लागते.

सीमाभाग_भटक्या: भीमगड नको, पारगडच. नर्सताई, सोमवारी रक्त तपासायला देतो. गोळी नाही तर उतारावर गुडघ्याचं काय करू?

नर्सताई: दोन काठ्या घे, उतारावर पावलं लहान टाक. गुडघा सुजत असेल तर तोही डॉक्टरांना दाखव.

सीमाभाग_भटक्या: बरं. कलानंदीगडाखाली कालिवड्यात दुपारचं ताक विकत मिळेल का? तिथल्या कुणी सांगा, लवकर.