‘साधन विश्वसनीय नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

धंतोलीकर: भाचा अकरावीत आहे. नागपूरच्या झिरो माइल दगडावर निबंध लिहिला, ‘हा दगड भारताचा भौगोलिक मध्य आहे’. मॅडमनी समासात शेरा मारला, ‘साधन विश्वसनीय नाही’. पोरगा विचारून राहिला, मामा, साधन म्हणजे मोबाइल का? ‘सोर्स’ला साधन म्हणायचं, स्रोत की संदर्भ? आणि विश्वसनीय की विश्वासार्ह?

वडाभात: स्त्रोत म्हणा. सगळे तेच म्हणतात.

बर्डीवाले_काका: स्त्रोत नव्हे हो, स्रोत! ‘स्रु’ म्हणजे वाहणे, त्यावरून. मधे ‘त’ घुसवला की स्तोत्राचा सावत्र भाऊ होतो.

निवृत्त_मास्तर: शेरा योग्य. इतिहासात साधनच. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ साली पहिला खंड काढला तो ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं. स्रोत पाण्याला शोभतो.

वडाभात: आजच्या पोराला साधन म्हटलं की पाना-पकड आठवते, मास्तर.

महालची_सून: आमचे सासरे ‘खात्रीलायक बातमी आहे’ म्हणाले की समजायचं, पानठेल्यावर ऐकून आले. पेपरातही तेच. ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ म्हणजे ज्याचं नाव छापता येत नाही तो. निबंधात मात्र नाव दिल्याशिवाय कोणी विश्वसनीय मानत नाही. मग पोरानं शिकावं कोणतं?

बर्डीवाले_काका: म्हणून भेद करा. विश्वास बसेल ते विश्वसनीय, विश्वासाला पात्र ते विश्वासार्ह. चांगली थाप विश्वसनीय असते, विश्वासार्ह नसते.

वडाभात: हा भेद कोशातला की तुमच्या मनातला?

फुटाळ्याकाठी: शब्द राहू द्या, पोराला दगडापाशी न्या. खांबावर चांदा (आताचं चंद्रपूर), शिवनी, जबलपूर, हैदराबादची अंतरं मैलांत कोरली आहेत. बाजूचा १९०७चा ‘जीटीएस’ दगड, म्हणजे इंग्रजांच्या मोजणी खात्याचा, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसाठी. देशाचा मध्य यातून निघतच नाही. आजच्या भारताचा मध्य कटनी जिल्ह्यात, करौंदीजवळ दाखवतात. दहा साइटींनी एकमेकींचं वाक्य उतरवलं तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो. पहिल्यानं कुठून घेतलं ते पाहायचं.

धंतोलीकर: म्हणजे साधन चुकलं की वाक्य?

निवृत्त_मास्तर: ‘सांगोवांगी’ हा अस्सल शब्द असताना विश्वसनीय-अविश्वसनीय हवंच कशाला?

वडाभात: आता ‘अस्सल’च अरबी निघाला, मास्तर. आणि सांगोवांगी सगळं टाकून द्यायचं तर सभासदाची बखरही टाका. शिवाजी महाराजांच्या मागं लिहिलेली ती.

निवृत्त_मास्तर: मागाहून लिहिली, पण सभासद दरबारातला माणूस होता, डोळ्यांनी पाहिलेला. तरी तीसुद्धा पत्रांशी ताडूनच घ्यावी लागते. बाकी बखर हा शब्द ‘खबर’ उलटून झाला आहे.

महालची_सून: ही व्युत्पत्ती कोणत्या साधनातली?

निवृत्त_मास्तर: आमच्या गुरुजींनी सांगितली होती.

वडाभात: खात्रीलायक!

बर्डीवाले_काका: खात्रीसुद्धा ‘खातिर’वरून आली बरं. पाहुण्यांची खातिरदारी करतो ना, तीच.

धंतोलीकर: अहो, पण मॅडमना काय सांगू?

महालची_सून: काका, मग ‘खातरजमा’तली जमा कोणती? जमाखर्चातलीच का?