मदत हवी आहे: स्पॅनिश येण्याआधी मेक्सिकोची लोकसंख्या 2.5 कोटी की 45 लाख?

घाईतली_गौरी: परवा सेमिनार आहे आणि डोकं चालेनासं झालंय. स्पॅनिश लोक आल्यावर तिथली मूळ लोकसंख्या किती घटली, एवढंच हवंय. एकीकडे सुरुवातीचा आकडा 2.5 कोटी, दुसरीकडे 45 लाख. खरा कुठला? शिवाय माझ्या तक्त्यात काही गावांच्या आकड्यांपुढे ½ आहे. अर्धा माणूस?? 'गूगल कर' सांगू नका, तेच करून इथे आलेय.

जुनी_वही: सगळ्या मेक्सिकोची की एका भागाची? तक्ता कुठल्या सालचा? मथळा काय आहे त्याचा?

सरळसोट: सोप्पंय. 1520 ची देवीची साथ. विषय संपला.

उंटावरून: संपला कसा? 1545 आणि 1576 ला सुरू झालेल्या कोकोलिस्तली नावाच्या तापाच्या साथी कोण मोजणार? मेक्सिकोच्या ओआहाकातल्या तेव्हाच्या दफनभूमीतल्या दातांमध्ये साल्मोनेला जंतूचा डीएनए सापडलाय, 2018 मध्ये छापून आलंय. आणि एन्कोमिएंदात, म्हणजे स्पॅनिश मालकाला नेमून दिलेल्या गावांच्या वेठीत, राबवलेला, स्वतःचं शेत पडीक टाकून आलेला माणूस तापात तग धरेल? सगळं जंतूंवर ढकललं की मालक सुटतो.

सरळसोट: मालकाला राबायला माणसं हवीच होती की. मारून त्याला काय मिळणार?

उंटावरून: मारायचं नव्हतं म्हणून मेले नाहीत का?

मिरचीप्रेमी: पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेली मिरची मूळची तिकडचीच बरं का. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी, पिंपळी. सोलकढीतली हिरवी मिरचीसुद्धा पाहुणी!

घाईतली_गौरी: मिरची नकोय हो! मध्य मेक्सिको. मथळा 'ट्रिब्युटारियोस'. बहुतेक पानं 1560 नंतरची. मी लोकसंख्या समजून बेरीज केली.

जुनी_वही: हे आधी सांगायचं ना! ती डोकी नव्हेत, कर भरणारी खाती आहेत. नवरा-बायको मिळून एक, विधवा किंवा विधुर अर्धा. तुमचा ½ तो. पोरंबाळं वेगळी धरलेलीच नाहीत. कुक आणि बोरा हे अभ्यासक 1560 नंतरच्या याद्यांना 2.8 ने गुणतात, म्हणजे 1,000 खाती असतील तर 2,800 माणसं.

2.5 कोटीही त्यांचाच, मध्य मेक्सिकोचा, 1518 च्या सुमाराचा. 1605 ला ते जेमतेम 10 लाखांवर येतात. 45 लाख रोसेनब्लाट या दुसऱ्या अभ्यासकाचा, 1492 चा, सगळ्या मेक्सिकोचा. 1600 च्या आसपास फारसं भांडण नाही, भांडण आहे ते सुरुवातीच्या आकड्याचं. तेव्हाची शिरगणतीच नाही. कुक-बोरांनी अझ्टेक खंडणीच्या याद्यांवरून गणित मांडलं. खंडणी वर्षातून किती वेळा, एका घरामागे किती, यातलं एक गृहीतक हललं की कोटी हलतात. स्लाइडवर दोन्ही आकडे टाका, आणि प्रदेश लिहायला विसरू नका.

उंटावरून: तेव्हाच्या पेरूत आणखी गंमत. पोतोसीच्या खाणीतली मिता म्हणजे वेठ चुकवायला लोक गाव सोडून परक्या गावात 'फोरास्तेरो' म्हणून राहायचे. यादीतून नाव गेलं की माणूस मेलाच असं नाही.

सरळसोट: एवढा काथ्याकूट कशाला? कुटुंब म्हणजे पाच माणसं, 5 ने गुणा.

घाईतली_गौरी: म्हणजे बेरीज पहिल्यापासून. 2.8 सगळ्या पानांना लावू ना?

जुनी_वही: जुन्या याद्यांना नको. 1560 च्या आधी बऱ्याच जणांना करमाफी होती, ते यादीत येतच नाहीत.

घाईतली_गौरी: दोन पानं 1548 ची आहेत. अरे देवा. सगळ्यात मोठी गावं त्यातच आहेत.