चेरी आयचं ऑपरेशन होऊनही गाठ परत वर आली, ग्रंथी काढून टाकावी का? (बीगल, नागपूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचा भुऱ्या बीगल आहे, अजून दोन वर्षांचा व्हायचाय. त्याच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, लाल गाठ वर आली होती. कुत्र्यांना तिसरी पापणी असते ना, तिच्यातली अश्रूंची ग्रंथी जागा सोडून बाहेर येते, तेच चेरी आय. बीगल, कॉकर, बुलडॉग, शित्झू यांच्यात जास्त दिसतं आणि बहुतेक लहान वयातच होतं. आधी ड्रॉप्स दिले, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पापणीवरून हलकेच दाबून आत बसवायचो, बसायची आणि परत यायची, शेवटी ऑपरेशन करून ग्रंथी टाक्यांनी आत बसवली. मस्त झाला होता डोळा. आणि आता त्याच डोळ्यात परत तेच होऊन राहिलं. सकाळी जरा कमी असते, संध्याकाळी फिरून आला की टम्म, वर चिकट पाणी, आणि हा पंजाने चोळून राहतो.

आता एक डॉक्टर म्हणतात ग्रंथी काढूनच टाका, पाच मिनिटांचं काम, परत कटकट नाही. दुसरे म्हणतात अजिबात काढू नका, पुन्हा बसवू. मला दुसऱ्यांचं पटतं कारण डोळ्यातल्या पाण्यापैकी साधारण ३० ते ५० टक्के पाणी हीच ग्रंथी बनवते, ती गेली की पुढे ड्राय आय व्हायची भीती, कधी कधी काही वर्षांनी सुद्धा. मग सायक्लोस्पोरिनचं मलम रोज दोनदा, बहुतेक जन्मभर, आणि त्यात हे आपलं नागपूर, मे मध्ये पारा ४५ च्या वर, कोरडी झळ आणि धूळ. अशा गावात कुत्र्याच्या डोळ्यातलं पाणी मुद्दाम कमी करायचं हे माझ्या जिवाला पटतच नाही. पण घरचे म्हणतात परत भूल देऊन टाके घातले आणि परत निसटलं तर काय, किती छळायचं त्या पोराला. त्यांचंही चूक नाही.

सध्याची स्थिती सांगते. डोळ्यात कागदाची पट्टी एक मिनिट लावून पाणी मोजतात ती टेस्ट झाली, १५ मिलिमीटरच्या वर आली म्हणजे पाणी व्यवस्थित आहे. हिरवा रंग टाकूनही पाहिलं, बुबुळावर जखम नाही. उजवा डोळा ठीक आहे, पण तिकडेही होऊ शकतं म्हणतात, त्यामुळे रोज पाहते.

ज्यांच्या कुत्र्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं त्यांनी प्लीज सांगा, टिकलं का? पहिल्या वेळी आतल्या त्वचेचा खिसा करून त्यात ग्रंथी शिवली होती. दुसरी एक पद्धत आहे त्यात ग्रंथी दोऱ्याने खोबणीच्या हाडाच्या कडेला बांधतात, आणि दोन्ही एकत्र करणारेही आहेत म्हणे, हे नागपुरात कोणी केलंय का? सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजमध्ये डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलेलं कोणी असेल तर तिथला अनुभव हवाय. इथे नाही जमलं तर पुण्या-मुंबईलाही नेऊ.

आणि ज्यांची ग्रंथी काढली आहे त्यांनीही लिहा, वाईट वाटून घेऊ नका, मला खरंच जाणून घ्यायचंय की नंतर डोळा कोरडा पडला का आणि किती काळाने.

आणखी एक, भुऱ्या दुपारभर कूलरच्या तोंडाशीच झोपतो, उठवला तरी परत तिथेच. बाहेर आलेली ग्रंथी वाऱ्याने सुकते आणि जास्त सुजते म्हणून सध्या साधे अश्रूंचे ड्रॉप्स घालून राहिले, डॉक्टरांना विचारूनच. स्टेरॉइडचे ड्रॉप्स मनाने घालायला कृपया सुचवू नका, जखम असली तर डोळाच जाऊ शकतो. ऑपरेशन आत्ता एप्रिलमध्ये उरकावं की पाऊस पडेपर्यंत थांबावं? थांबलं तर ग्रंथी तितके दिवस उघडी राहील, आणि आत्ता केलं तर एवढ्या उकाड्यात डोळा चोळू नये म्हणून गळ्यात घालतात तो कोन घालून हा कसा राहील. तुम्ही काय केलं असतं?