जुना फ्लॅट घेतलाय, सासूबाईही सोबत राहणार. कशावर चार पैसे जास्त घालावेत?

चिंचवड_नवीन

नमस्कार. चिंचवडला जुन्या बिल्डिंगमधला टू बीएचके घेतला आहे, दिवाळीआधी राहायला जायचंय. कर्जाचा हप्ता सुरू झालाय, त्यामुळे रंगाचे पैसे वगळून साधारण दोन लाख हाताशी आहेत. त्याच्या पलीकडे काही नाही. घरात मी, नवरा (आठवड्यातले काही दिवस घरून काम) आणि सासूबाई. त्या आजवर गावी होत्या. गुडघे दुखतात, पण स्वयंपाकघराबाहेर नुसतं बसून राहणं त्यांना जमत नाही, आणि मलाही त्यांना तसं बसवायचं नाही.

नातेवाईक रोज नवी यादी देतात. कुणी मोठा टीव्ही म्हणतं, कुणी मॉड्युलर किचन, कुणी सोफा. मला विचारायचंय ते असं, की रोजच्या वापरातली कुठली वस्तू महाग घेतल्यामुळे तुम्हाला खरंच सुख लागलं? आणि कुठे स्वस्तातलं घेऊनही काही अडलं नाही? पंखे, गाद्या, मिक्सर, नळ, सगळंच घ्यायचं आहे. सध्याचा ओटा ३४ इंच उंच आहे, ग्रॅनाइट धडधाकट आहे. बाथरूमच्या फरश्या मात्र गुळगुळीत आहेत.

वायरमन_नाशिक

ताई, पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या. साधा पंखा ७०-७५ वॅट खातो, बीएलडीसी २८ ते ३५. दिवसाला बारा तास फिरला तर वर्षाकाठी एका पंख्यामागे दोनशेच्या आसपास युनिट वाचतात, म्हणजे सुरुवातीला घातलेले जास्तीचे पैसे फार दिवस अडकून राहत नाहीत. इन्व्हर्टर असेल तर त्यावर दुप्पट वेळ चालतो. रिमोट असतो, त्यामुळे पहाटे गारवा वाटला तर तुमच्या सासूबाईंना पंखा कमी करायला उठावं लागणार नाही. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र काढून टाकून सरळ जोडणी करून घ्या, त्या रेग्युलेटरवर हा पंखा चालवायचा नसतो. आणि आतलं सर्किट गेलं तर गल्लीतला वाइंडिंगवाला काही करू शकत नाही, म्हणून वॉरंटी जास्त वर्षांची बघा आणि बिल जपून ठेवा.

पण पंख्याच्या आधी वायरिंग. जुनी बिल्डिंग म्हणताय, मग रंगारी आत येण्याआधी माणूस बोलावून तपासून घ्या. गिझरला २.५ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, पुढेमागे एसी लावणार असाल तर त्याला ४ ची. अर्थिंग नीट करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. बिघडलेल्या गिझरमधून किंवा मशीनमधून माणसाला धक्का बसला तर तो क्षणात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी त्यासाठी नसतो, तो वायर जळू नये म्हणून असतो. हे काम पाहुण्यांना दिसत नाही म्हणून लोक पुढे ढकलतात आणि मग रंगवलेली भिंत फोडावी लागते.

काकू_सांगली

मी सांगलीत डबे करते. पहाटे साडेपाचला शेगडी पेटते ती दुपारपर्यंत, आणि संध्याकाळी परत. म्हणून स्वयंपाकघराचं जरा सविस्तर सांगते, बाकीचं थोडक्यात.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. जे भिंतीत, फरशीत नाहीतर ओट्याला कायमचं बसतं, त्यावर पहिले पैसे. जे उचलून बाहेर ठेवता येतं, ते सध्या साधं चालेल. सोफा दोन वर्षांनी घेता येतो. टाइल्सच्या आड गंजलेला पाइप दोन वर्षांनी बदलायचा म्हणजे घर परत धुळीत घालणं. बाथरूमची फरशी काढणारच आहात (ती काढाच, तो पहिला खर्च), तर आत जुने लोखंडी पाइप असतील ते त्याच वेळी बदलून सीपीव्हीसी (न गंजणारे प्लास्टिकचे) टाकून घ्या. फरशी अँटीस्किड घ्या आणि दुकानात ती ओली करून तळवा फिरवून बघा. कोरडी असताना सगळ्याच खरखरीत लागतात.

आता ओटा. मॉड्युलर किचनचा विचार सध्या बाजूला ठेवा, ट्रॉल्या केव्हाही होतात. सरळ उभं राहून हात कोपरात वाकवा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत माप घ्या. हात जिथे काम करतात ती जागा कोपराच्या चार-पाच इंच खाली असली की खांदे उचलावे लागत नाहीत. अडचण अशी की ओटा एक आणि कामं तीन, आणि तिन्हींना उंची वेगळी लागते. भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी असतात, तो ओट्याच्या सात-आठ इंच खाली, म्हणून बुटक्या बाईलासुद्धा तिथे वाकावं लागतं. शेगडीवर पातेलं चढवलं की त्याचा काठ ओट्याच्या वर फूटभर जातो, मग आमटी ढवळताना कोपर खांद्याच्या रेषेत येतं. आणि पोळी. पोळी मनगटाने लाटली जात नाही, जोर खांद्यातून खाली यावा लागतो. त्यासाठी पोळपाट कोपराच्या बराच खाली हवा. पोळपाटाचे दीड-दोन इंच धरले तर तुमचा ३४ चा ओटा लाटताना ३६ चा होतो. सासूबाई पाच फुटांच्या आतल्या असतील तर त्यांचं कोपरच ३६-३७ वर असणार. म्हणजे त्या खांदे कानाशी नेऊन लाटणार. दहाव्या पोळीला मान भरून येते आणि घरातले म्हणतात, आता वय झालं.

ओटा फोडू नका. सुताराकडून त्यांच्यासाठी एक टेबल करून घ्या: २६ इंच उंच, अडीच फूट लांब, दीड-पावणेदोन फूट रुंद. पुढच्या बाजूला खाली आडवी पट्टी नको, गुडघे आत गेले पाहिजेत. वर ग्रॅनाइटचा तुकडा बसवा. फरशीच्या दुकानात उरलेले तुकडे पडून असतात, स्वस्तात देतात, आणि त्याच्या वजनाने टेबल लाटताना सरकत नाही. पायांना रबरी बूच. सोबत १८ इंचाची हातवाली खुर्ची. हात हवेतच, कारण गुडघे दुखणारा माणूस बसताना नाही, उठताना अडतो, आणि तेव्हा दोन्ही हातांनी रेटा द्यायला काहीतरी लागतं. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींसाठी मी असंच टेबल केलं. त्या आता भाजी निवडणं, शेंगा सोलणं, सगळं तिथेच बसून करतात. आधी त्या मधूनमधून ओट्यालाच टेकून उभ्या राहायच्या.

ओट्यावरच्या उजेडाला पैसे कमी लागतात पण लोक विसरतात. जुन्या घरात ट्यूब आपल्या पाठीमागच्या भिंतीवर असते, त्यामुळे ओट्यावर आपलीच सावली पडते. वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेला, दोन-तीन फुटांची एलईडी पट्टी लावा आणि खोक्यावर सीआरआय ९० लिहिलंय का बघा. अशा उजेडात रंग खरे दिसतात. फोडणीतला लसूण तांबूस झालाय की करपायला आलाय, हा काही सेकंदांचा खेळ असतो, आणि स्वस्तातल्या निळसर दिव्याखाली तो कळत नाही. तांदळातला खडा, मेथीच्या पानामागची कीड, तेही तसंच. वायरमनदादांनी सांगितलेलं काम चालू असतानाच तिथला पॉइंट काढून घ्या.

नळ पितळी घ्या, क्वार्टर टर्नचे (पाव फेरीत उघडणारे), लांब दांडीचे. सुजलेल्या बोटांनी गोल चावी फिरवणं म्हणजे रोजची शिक्षा. दांडी मनगटानेसुद्धा ढकलता येते. सिंकचा नळ उंच मानेचा आणि वळणारा, मोठा कुकर त्याच्याखाली उभा राहिला पाहिजे.

मिक्सर ७५० वॅटचा. पण वॅटच्या आधी चटणीचं छोटं भांडं हातात घेऊन बघा, घरात सगळ्यात जास्त तेच फिरतं. पाती तळापासून फार वर असली की मूठभर दाण्यांचं कूट करताना खाली पीठ आणि वर अख्खे दाणे राहतात. झाकण एका हाताने बसतं का बघा. कपलर, वॉशर, बुश तुमच्या बाजारात मिळतात का ते दुकानदाराला तिथेच विचारा. माझा मिक्सर वर्षानुवर्षं चालतोय तो कंपनीच्या नावामुळे नव्हे, त्याचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात म्हणून.

नॉनस्टिकवर पैसे घालू नका, ते किती का महाग असेना, थर जातोच. भाकरीला लोखंडी तवा, घावन-धिरड्याला बिडाचा, दोन्ही आयुष्यभर टिकतात. डबे-पातेली वजनावर साधी घ्या. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ (चांगल्या दर्जाचं) स्टील, असं दुकानात सांगतील. हलक्या २०२ लाही चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर जास्तीचे पैसे देऊ नका. सिंक मात्र खरोखर ३०४ चं, छाप बघून. तिथे मीठ आणि आंबट रोजचं आहे.

आणि आरओ घेण्याआधी पाणी तपासा. पिंपरी-चिंचवडला पवनेचं पाणी येतं, ते जड नाही. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची (पाण्यात विरघळलेल्या क्षारांची) मर्यादा ५०० धरतात. टीडीएस मोजायचं छोटं मीटर काहीशे रुपयांत मिळतं. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल आणि आकडा वर जात असेल तरच आरओ. नाहीतर यूव्ही (किरणांनी जंतू मारणारं) पुरतं, आणि निम्मं पाणी मोरीत सोडावं लागत नाही.

रात्रपाळी

काकूंचं बहुतेक सगळं पटलं, पण हलवता येतं ते साधं चालेल हे गादीला लागू करू नका. मी रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो, त्यामुळे झोपेचं मोल मला विचारा. फोमची घेणार असाल तर दुकानदाराला घनता विचारा. ४० ची (घनमीटरला ४० किलो) टिकते. स्वस्त गाद्यांत त्याच्या निम्म्या घनतेचा फोम असतो आणि कमरेखाली खड्डा पडतो. सासूबाईंना सवय कापसाच्या गादीची असेल तर तीच ठेवा, चांगल्या कापसाची नवीन भरून घ्या. दर दोन-तीन वर्षांनी पिंजून परत भरली की नव्यासारखी होते, फोमचं तसं करता येत नाही. फक्त पलंगाची उंची गादीसकट मोजा. काठावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. हल्लीचे बुटके पलंग दिसायला छान, पण गुडघेदुखीला नकोत.

नवऱ्याच्या कामाच्या खुर्चीला नवीनचे पैसे घालू नका. पुण्यात ऑफिसं जागा बदलतात तेव्हा उत्तम खुर्च्या जुन्या बाजारात येतात. उंची कमीजास्त होते का, पाठ मागे झुकते का आणि चाकं ठीक आहेत का, एवढं बघून घ्या.

चिंचवड_नवीन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सासूबाईंशी फोनवर बोलले, त्यांनी शेजारच्या मुलीकडून माप घेऊन कळवलं: कोपर साडेछत्तीस इंचांवर. माझं चाळीसवर. म्हणजे ओटा माझ्या मापाचा आहे, त्यांच्या नाही. टेबल करायचं नक्की. वायरिंग आणि बाथरूमला पैसे आधी काढून ठेवतेय, टीव्ही जुनाच नेऊ.

दोन शंका आहेत. एक कंत्राटदार म्हणतो, जुन्या फरशीवरच नवीन चिकटवू, तोडफोडीचे पैसे वाचतील. करावं का? आणि कमोडजवळ धरायला हँडल लावायचं तर ते किती उंचीवर?

काकू_सांगली

फरशीवर फरशी बाथरूममध्ये नको. पातळी वर येते, मग पाणी उंबऱ्यावरून खोलीत येतं नाहीतर दार फरशीला अडतं. शिवाय आतल्या पाइपांचा प्रश्न तसाच राहतो. फोडा, वॉटरप्रूफिंग नव्याने करा, पाणी साठवून दोन दिवस ठेवा आणि खालच्या घरात जाऊन त्यांच्या छताला ओल आली नाही ना ते स्वतः बघा. नवीन फरशी त्यानंतरच. उतार जाळीकडे आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघायचं, कंत्राटदार समोर असताना.

हँडलची उंची पुस्तकातून घेऊ नका. सासूबाई एकदा येऊन जाऊ देत. कमोड बसवल्यावर झाकण बंद करून त्यांना त्यावर बसवा, उठायला लावा, आणि हात आपोआप जिथे जातो तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करा. कमोडही जरा उंच घ्या, १७-१८ इंचाचा. हँडल स्टीलचं, विटेत खोल गेलेल्या बोल्टवर. नुसतं टाइलवर चिकटवलेलं किंवा सक्शनचं कधीही नको, ज्या दिवशी सगळा भार पडेल त्या दिवशी ते सुटतं. टाइल बसवण्याआधी गवंड्याला ती जागा दाखवून ठेवा, म्हणजे तिथे पोकळी राहणार नाही. दुसरं हँडल अंघोळीच्या जागेजवळ, उभं.

टेबलाच्या खुर्चीचंही तसंच. त्यांना दुकानात घेऊन जा, चार खुर्च्यांवर बसून उठू दे, मग पैसे द्या.