प्रतिसाद: शिवाजीनगर स्टेशन

पुण्याच्या शिवाजीनगर रेल्वे स्टेशनला नवी इमारत झाली की त्याचं भलं होईल, असा वरच्या लेखाचा सूर आहे; तो काही पटला नाही. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ साली सुरू झाला, तेव्हा इथे भांबुर्डा नावाचं खेडं होतं. लोणावळा लोकल आली १९७८ मध्ये. म्हणजे उपनगरी गाड्या जुन्याच रुळांवर बसवल्या. आजही लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच दोन मार्गांवरून (एक जाण्याचा, एक येण्याचा) धावतात. एक्सप्रेसला वाट द्यायला लोकल थांबणार, हे ओघानंच आलं. दुपारी लोकलची वाट बघत बाकड्यावर बसलेल्यांना विचारा, त्यांना दर्शनी कमान हवी की एखादी जादा गाडी! तिसऱ्या-चौथ्या मार्गाची चर्चा मात्र वर्षानुवर्षं नुसती चालत राहिली.

शिवाजीनगरची खरी किंमत होती शेजारच्या एसटी स्टँडमुळे. लोकलमधून उतरायचं, पिशव्या उचलायच्या आणि चालत नाशिकची एसटी गाठायची. मेट्रोच्या कामासाठी स्टँड वाकडेवाडीला गेला आणि मध्ये रिक्षा घुसली. (मीटरवर येणारा भेटला तर नशीब.) मेट्रो आता स्टेशनजवळ जमिनीखालून आली आहे, छानच झालं. पण स्टँड परत जागेवर आणून रेल्वे, एसटी आणि मेट्रो ही तिन्ही छपराखालच्या वाटेनं जोडा, मग काचा लावा हव्या तेवढ्या.